सुगंधी तेल, शुक्रजंतू आणि बाटलीवरचं लेबल

(प्रभागसंघाच्या तिमाही सभेत एका निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांनी आपल्या साप्ताहिक बैठकीत मोठ्याने वाचावा.)



विषय पुरुषांच्या शुक्रजंतूंचा आहे. ज्यांना हसू येतंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे अडथळा नको. माझी सगळी नोकरी रक्त, लघवी, थुंकी तपासण्यात गेली. वीर्याचे नमुनेही तपासले, त्यामुळे हे शब्द बोलताना मला काही वाटत नाही. अर्ध्या तासाने तुम्हालाही वाटणार नाही.

हा विषय आपल्या सभेत का, ते आधी सांगते. आपल्यातले काही गट गवती चहाचं तेल काढतात. काही जणी निंबोळ्या वेचून तेल काढून आणतात. या तेलांविषयी बाजारात आणि मोबाइलवर दोन गोष्टी फिरतात. एक म्हणजे, अमुक तेलाने शुक्रजंतू मरतात, पाळणा लांबवायचा असेल तर वापरा. दुसरी म्हणजे, तमुक तेलाने शुक्रजंतू वाढतात, मूल राहत नसेल तर वापरा. गंमत अशी, की कधी कधी अमुक आणि तमुक हे एकच तेल असतं! आणि मग माल उचलणारा व्यापारी म्हणतो, "ताई, लेबलवर पुरुषांच्या ताकदीची एक ओळ टाका, दर वाढवून देतो." ही ओळ टाकायची की नाही, हा आपल्या गटाच्या पैशाचा प्रश्न आहे. आणि ती बाटली विकत घेणाऱ्या बाईच्या संसाराचाही आहे.

तेव्हा आधी तेल म्हणजे काय ते बघू.

आपण घरात ज्याला तेल म्हणतो ते घाण्याचं तेल. शेंगदाणा, करडई, तीळ, निंबोळी. बी दाबलं की निघतं, कागदावर पडलं तर डाग राहतो. दुसरं तेल भट्टीचं. गवती चहा, रोशा गवत, निलगिरी, वाळा, तुळस यांच्यातून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची, पाण्यावर जो तवंग येतो तो वेगळा करायचा. हे तेल उडून जातं, कागदावर डाग राहत नाही. याला सुगंधी तेल किंवा उडनशील तेल म्हणतात. आपल्या खानदेशात हे काम जुनं आहे. नंदुरबार, पिंपळनेर, शहादा, तळोदा या भागात रोशा गवताच्या भट्ट्या इंग्रजांच्या काळात चालत होत्या आणि ते तेल मुंबईच्या बंदरातून परदेशी जात होतं.

भट्टी लावणाऱ्या बायांना मी नवीन काय सांगणार, पण हिशेब एकदा मनात धरा. शंभर किलो ओल्या गवती चहातून अर्धा किलोसुद्धा तेल निघत नाही. म्हणजे दहा मिलीच्या छोट्या बाटलीत दोन-अडीच किलो गवताचा कस उतरलेला असतो. आपण चहात किती पाती टाकतो? दोन-तीन. म्हणून "गवती चहा आपण रोज पितो, मग त्याच्या तेलाने काय होतंय" हे म्हणणं बरोबर नाही. तेल म्हणजे गवत नव्हे. निलगिरीचं तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात चमचाभर जरी गेला, तरी झटके येऊ शकतात. निंबोळी तेल पाजल्यानेही मुलांना उलट्या, झटके, बेशुद्धी आल्याच्या नोंदी आहेत. जंतावर म्हणून कुणी पाजत असेल तर आजच थांबवा. हे विषयाला सोडून झालं, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता शुक्रजंतू. वीर्याचा थेंब काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघितला, की पावसाच्या डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लांसारखं दिसतं. एक डोकं, मध्ये जाडसर मान, मागे लांब शेपटी. पूर्ण लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. डोक्यात बापाकडून येणारा अर्धा वारसा. मानेत शेपटी हलवायची शक्ती तयार होते. आणि या सगळ्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा. हा पापुद्रा स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे एका प्रकारच्या तेलकटपणाचाच बनलेला असतो. माझ्या सगळ्या बोलण्याचा खुंटा हा पापुद्रा आहे, तो विसरू नका.

सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही, स्निग्धात मात्र चटकन मुरतं. म्हणून शुक्रजंतूवर असं तेल टाकलं की ते त्याच्या पापुद्र्यात शिरतं. जास्त असेल तर पापुद्रा फाटतो, भोकं पडतात, आतलं बाहेर येतं, शेपटी थांबते, जंतू मरतो. पण दुसरी बाजूही आहे. तेल उघडं राहिलं की जसं खवट होतं, तसा हा पापुद्राही हवेतल्या प्राणवायूने खराब होत असतो. काही सुगंधी तेलांत हा खवटपणा रोखायचा गुण असतो. त्यामुळे अगदी सूक्ष्म प्रमाणात तेच तेल शुक्रजंतूला काही वेळ सांभाळूही शकतं. इटलीत बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकराच्या वीर्यावर असे प्रयोग केले, रोझमेरी नावाच्या झुडपाचं तेल घेऊन. मात्रा कमी होती तोवर जंतू तग धरून राहिले, मात्रा वाढत गेली तशी हालचाल मंदावली.

डुकराचं वीर्य कशाला, असं वाटेल. आपल्या पशुसखींना लगेच कळेल. गाईच्या कृत्रिम रेतनाला डॉक्टर जी बारीक कांडी आणतात, ती उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. तिच्यात नुसतं वीर्य नसतं. ते टिकावं म्हणून त्यात अंड्याचा बलक, ग्लिसरीन असं काही मिसळलेलं असतं आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक घातलेलं असतं. हे अँटिबायोटिक कमी करता येईल का, त्याच्या जागी वनस्पतीचं तेल चालेल का, यासाठी ती खटपट. प्रश्न चांगला आहे. पण तो बाटलीत ठेवलेल्या वीर्याचा आहे. तुमच्या-माझ्या नवऱ्याने तेलाचे दोन थेंब प्यायचे की नाहीत, याचं उत्तर त्यात शोधायला जाऊ नका.

आता कडूलिंबाकडे येते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते.

निंबोळी तेलाने शुक्रजंतू मरतात का? काचेवर मरतात, आणि फार लवकर मरतात. हे काम आपल्याच देशात झालं. दिल्लीला संरक्षण खात्याची शरीरशास्त्राची एक संशोधन संस्था आहे, डिपास म्हणतात तिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1984 साली छापलं, की माकडाचे आणि माणसाचे शुक्रजंतू निंबोळी तेलाच्या संपर्कात आले की तीस सेकंदांत थंड होतात. मग त्यांनी तेलातला कोणता भाग हे करतो ते शोधलं, आणि 1990 साली निंबोळी तेलातल्या उडनशील भागाविषयी लिहिलं. पुढे त्याच संस्थेने तेलातून एक शुद्ध भाग वेगळा काढला आणि मोठ्या मायक्रोस्कोपखाली त्याचा परिणाम बघितला. शुक्रजंतूच्या डोक्यावरच्या पापुद्र्याला भोकं पडलेली दिसली. मी मघाशी म्हटलं तो खुंटा इथे आला.

दिल्लीच्याच राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने आणखी पुढे पाऊल टाकलं. कडूलिंबाच्या पानांचा शुद्ध अर्क, रिठ्यातला फेस आणणारा पदार्थ आणि एका जातीच्या पुदिन्याचं सुगंधी तेल असं एकत्र करून 'प्रनीम' नावाचं औषध तयार केलं, योनीमार्गात ठेवायचं. त्याच्या गोळीची सुरक्षिततेची चाचणी आपल्या पुण्यात झाली, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, साधारण वीस वर्षांपूर्वी. म्हणजे बघा, साधी माणसं नव्हेत, मोठमोठ्या संस्था या कामाला लागल्या होत्या. पदार्थ शुद्ध केला होता, मात्रा ठरलेली होती, बायांची आतून तपासणी होत होती. एवढं करूनही आज सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाची जी साधनं मिळतात, त्यांत ही गोळी नाही.

तर मग घाण्यावरचं तेल कापसाच्या बोळ्याला लावून आत ठेवायचं, असं जे सांगितलं जातं, त्याला काय म्हणायचं? त्यात मात्रा किती ते माहीत नाही, निंबोळीला बुरशी लागली होती का ते माहीत नाही, घाणा आधी कशासाठी चालवला होता तेही माहीत नाही. आणि शेकडो जंतू मेले तरी पुरत नाही. एका वेळच्या वीर्यात कोट्यवधी असतात, त्यातला एक पोचला की झालं. कारखान्यात तयार होणारी, परवाना असलेली जी शुक्रजंतुनाशक मलमं आणि गोळ्या आहेत, त्यांच्यावरच नुसतं विसंबलं तर वर्षभरात शंभरातल्या वीसहून जास्त बायांना दिवस जातात. मग बोळ्याचा भरवसा कोणी द्यायचा?

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. जे तेल शुक्रजंतूचा पापुद्रा फाडतं, त्याला कसं कळणार की हा पापुद्रा शुक्रजंतूचा आणि हा बाईच्या अंगाचा? आपल्या आतल्या नाजूक त्वचेच्या पेशींनाही तसाच स्निग्ध पापुद्रा असतो. जगात एक फार वापरलं गेलेलं शुक्रजंतुनाशक आहे, नॉनॉक्सिनॉल-9. तेही पापुद्राच फाडतं. काचेवर त्याने एड्सचा विषाणूही मरायचा, म्हणून सगळ्यांना मोठी आशा होती. आफ्रिकेतल्या काही देशांत आणि थायलंडमध्ये देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर मोठी चाचणी केली. निष्कर्ष 2000 साली बाहेर आला तेव्हा सगळे हादरले. हे औषध वारंवार वापरणाऱ्या बायांना एड्सची लागण कमी व्हायच्या ऐवजी जास्त झाली होती. कारण आतली त्वचा सोलवटली होती, विषाणूला दार उघडं मिळालं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हातून तपासलेल्या औषधाची ही गोष्ट. आपल्या बोळ्याने अंगावरून पांढरं जाणं, जळजळ, जखम झाली तर ती बाई कुणाला सांगणार? सासूला?

पाळणा लांबवायचा असेल तर उपकेंद्रात तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' गोळी आहे, निरोध आहे. आणि पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी आहे, तिचं नाव काढलं की गावात सगळ्यांना कामं आठवतात. यातलं तुम्हाला काय चालेल ते आशाताईला विचारा. तिथे मी जास्त वेळ घालवत नाही.

आता उलट बाजू. शुक्रजंतू वाढवणारं तेल.

तुर्कस्तानात दालचिनीच्या सालीचं तेल नर उंदरांना दहा आठवडे रोज दिलं, त्यांचे शुक्रजंतू सुधारलेले दिसले. हा अभ्यास खरा आहे, 2013 साली छापलेला. पण मात्रा होती वजनाच्या दर किलोला 100 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला नुसत्या वजनाने हिशेब केला तर रोज सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभराहून जास्त दालचिनी तेल. तोंडापासून पोटापर्यंत भाजून निघेल माणूस. शास्त्रज्ञ उंदरावरून माणसाचा असा सरळ गुणाकार करत नाहीत, त्यांची रीत वेगळी आहे. बाटलीवर छापणारा मात्र कसलाच गुणाकार करत नाही, तो फक्त उंदीर हा शब्द गाळतो.

तुळशीचं याच्या उलट झालं. 2010 साली आपल्या देशातल्या एका अभ्यासात सशांना महिनाभर रोज दोन-दोन ग्रॅम तुळशीची पानं खायला घातली आणि त्यांचे शुक्रजंतू कमी झालेले आढळले. लगेच कुणीतरी लिहिलं, पुरुषांनी तुळस खाऊ नये. अहो, ससा केवढा, त्याला दोन ग्रॅम म्हणजे केवढं! त्याच हिशेबाने माणसाला रोज मूठ-मूठभर पानं खावी लागतील. चहात चार पानं टाकणाऱ्या घरात याने काही बिघडत नाही. तुळशीवृंदावनाला कुणी हात लावू नका.

माणसांवर खरोखर परिणाम झालेलं एक वनस्पती तेल आहे, आणि ते आपल्या कापसाच्या मुलखाला जवळचं आहे. सरकीचं. हे सुगंधी तेल नाही, घाण्याचं आहे, तरी त्याची गोष्ट ऐकाच. चीनमध्ये काही कापूस पिकवणाऱ्या खेड्यांत लोक कच्चं, न शुद्ध केलेलं सरकीचं तेल खाऊ लागले आणि तिथे मुलं होईनाशी झाली. शोध घेता घेता कळलं, की सरकीत गॉसिपॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो आणि तो पुरुषांच्या शुक्रजंतूंची निर्मितीच रोखतो. मग चीनच्या सरकारने विचार केला, ही तर पुरुषांची कुटुंब नियोजनाची गोळी झाली! 1970च्या दशकात आठ हजारांहून जास्त पुरुषांना गॉसिपॉल देऊन बघितलं. शुक्रजंतू कमी झाले, अगदी हवे तसे. पण काही जणांच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, हातापायातली शक्ती गेली. आणि काही जणांचे शुक्रजंतू गोळी बंद केल्यावरही परत आलेच नाहीत. शेवटी ते काम सोडून द्यावं लागलं.

या गोष्टीत गावच्या बायांचं काम काय होतं, ते कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. पण मूल होत नाही म्हटल्यावर पहिली वर्षं बोल कुणाला लागला असेल, हे तुम्हाला-मला सांगायला पुस्तक लागत नाही.

घाबरू नका, दुकानात मिळणाऱ्या शुद्ध केलेल्या सरकी तेलातून गॉसिपॉल जवळपास निघून जातं. दुभत्या जनावराला सरकी पेंड बेतात दिली तरी चालते, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं. पण पैदाशीचा बोकड किंवा वळू पाळला असेल, तर त्याला सरकी भरमसाट घालू नका. त्याच्या शुक्रजंतूंवर परिणाम होतो. पशुसखींनी ही गोष्ट लिहून घ्यावी, कारण शेळी वारंवार उलटली की आपण शेळीलाच विकायला काढतो.

आता लेबल. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 सालचा कायदा आहे. या कायद्यात जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली किंवा भिंतीवरची नव्हे, बाटलीवरचं लेबल आणि वेष्टनसुद्धा जाहिरातच धरलं आहे. औषधाने लैंगिक शक्ती वाढते असा दावा करायला त्यात बंदी आहे. गर्भ राहू नये म्हणून हे औषध वापरा, अशी जाहिरात करायलाही बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलं तर वर्षापर्यंत. व्यापारी माल घेऊन गेला, की लेबलवर पत्ता आपल्या गटाचा राहतो. अध्यक्ष आणि सचिव म्हणून सह्या कुणाच्या असतात ते आठवा. आजार बरा होतो असं म्हणून विकायचं तर ते औषध झालं, त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो गवती चहाच्या भट्टीला मिळत नसतो.

मग लिहायचं काय? तेलाचं नाव, कोणत्या गवताचं, कोणत्या महिन्यात काढलं, किती मिली, गटाचं नाव. "पोटात घेऊ नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. थेट त्वचेवर लावू नये." वास चांगला आहे, तेल पाणी न मिसळलेलं आहे, हेच आपल्या मालाचं मोल. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचा घटक सत्तर-ऐंशी टक्के असतो, आणि साबण-अगरबत्तीवाले खरेदीदार त्याच्यावरच दर ठरवतात. चार गटांनी वर्गणी काढून एकदा तेल तपासून घेतलं आणि तो कागद व्यापाऱ्यापुढे ठेवला, तर दराची घासाघीस आपल्या बाजूने होईल. ताकदीच्या ओळीची गरज पडणार नाही.

ती ओळ वाचून बाटली घेणारी बाई कोण असते, तेही सांगते. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, मूल नसलेली. तिची स्वतःची सोनोग्राफी झालेली असते, रक्त तपासलेलं असतं, देव झालेले असतात, कुणी पोटावर शेक दिलेला असतो. नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते. बाटली आणली की पुढचं वर्ष त्या बाटलीत जातं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आणि ती तपासणी बाईच्या कुठल्याही तपासणीपेक्षा सोपी आहे. सुई नाही, भूल नाही, पोट कापायचं नाही.

ती कशी करायची ते ऐका, कारण चुकीच्या पद्धतीने दिलेला नमुना माझ्या टेबलावर कितीतरी वेळा आलेला आहे. वर्षभर काही न वापरता एकत्र राहून दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. वीर्यतपासणीच्या आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, त्याहून कमीही नको, जास्तही नको. लॅबमधून दिलेल्या स्वच्छ डबीतच नमुना घ्यायचा आणि सगळा घ्यायचा, सांडला तर तसं सांगायचं. साध्या निरोधमध्ये घेतलेला नमुना चालत नाही. आणि हाताला तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही! खोबरेल लावून दिलेल्या नमुन्यात जंतू मरगळलेले दिसले, तर दोष तेलाचा की माणसाचा हे मी कसं ओळखणार?

रिपोर्टमध्ये आकडे येतात, त्यांनाही लोक घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य 1.4 मिली, एका मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू, शंभरातले 42 हलणारे. आणि आकाराने नीट असलेले शंभरात फक्त चार असले तरी चालतं, त्यामुळे "शहाण्णव टक्के खराब" असं वाचून घरात रडारड करू नका. ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले, अशांचे नमुने बघूनच हे आकडे ठरवले आहेत. आकडा थोडा खाली आला म्हणजे मूल होणारच नाही, असंही नसतं.

एक रिपोर्ट वाईट आला तर पुन्हा करायचा. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज दिसतोय तो जंतू अडीच महिन्यांपूर्वीच्या तापाचा हिशेब सांगत असतो. मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून नमुना द्यावा. तंबाखू, गुटखा, दारू यांनी जंतू कमी होतात. अंडकोशातल्या शिरा फुगल्या असतील तर डॉक्टरला हाताने कळतं, त्यावर उपाय आहे. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोश सुजले होते का, हे आठवून सांगायचं. अंडकोश शरीराच्या बाहेर असतात ते थंड राहावेत म्हणूनच, त्यामुळे वीटभट्टीवर, भटारखान्यात किंवा आपल्याच तेलाच्या भट्टीपुढे दिवसभर बसणाऱ्या माणसाने तेही सांगायचं. आणि तालमीत किंवा जिममध्ये शरीर कमवायला कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल, तर ती शुक्रजंतू जवळपास बंद पाडतात. नाव पुरुषाचं, काम उलटं. हे तर पोरांना कुणी सांगतच नाही.

नवरा तयार होत नसेल तर? हे मला सभेच्या बाहेर, चपला घालता घालता विचारतात. "तुमच्यात दोष आहे का बघू" असं म्हणू नका. "डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट मागितलेत, एकाचे बघून औषध देत नाहीत" असं सांगा. ते खरंही आहे. आशाताईच्या यजमानांनी किंवा गावातल्या आरोग्यसेवकांनी बोललेलं पुरुषांना जास्त पटतं, त्यांची मदत घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात ही तपासणी कोणत्या वाराला होते ते आधी विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जाते. नमुना घरी घेऊन न्यायचा असेल तर तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. डबी शर्टाच्या आत, अंगाशी धरून न्यायची, म्हणजे अंगाची ऊब राहते. बर्फात ठेवायची नाही, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही. गाव तासाभरापेक्षा लांब असेल तर नमुना दवाखान्यातच द्यायचा, तिथे खोली असते. नसली तर मागायची.